दुखत नाही म्हणून

नरकचतुर्दशी, १९८२
आईंनी तेल लावून घेतलं नाही! लग्नापासून दर दिवाळीला सासूबाईंच्या अंगाला तेल-उटणं मीच लावते. मागच्या वर्षी सर्दीचं निमित्त झालं. यंदा सरळ न्हाणीला आतून कडी. मी वाटी घेऊन बाहेर उभी, खुळ्यासारखी. मिक्सर आणल्याचा राग — पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला ना! असू दे. मीही बोलणार नाही.

तेच तेल मग माझं मी चोळलं. डावीकडे, काखेच्या बाजूला, छातीत काहीतरी हाताला लागलं. हरभऱ्याएवढं. दाबलं तर दुखत नाही. बरं झालं.

भाऊबीज
परत चाचपलं. आहे.
दुखत नाही म्हणजे काही नसणार — पण कळवणच्या भागीमावशीचंही दुखत नव्हतं! पदर घट्ट धरून बसायची. “दुखत नाही गं, कशाला गावभर करायचं?” दुखायला लागल्यावर नेलं, तर डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. पुढे तिच्या खोलीत दिवसभर उदबत्त्या लावाव्या लागायच्या. उदबत्ती लावली की अजून तो जखमेचा वास आठवतो.

२० नोव्हेंबर
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्युटीवर घोटीचा कॉल चुकून इगतपुरीला जोडला. गिऱ्हाईक खेकसलं. लक्षच नाही. सारखा पदर सावरत होते. मावशीसारखाच!

२३ नोव्हेंबर
शेवटी ह्यांना सांगितलं. म्हणाले, उद्या रजा काढतो.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू पाहिल्या, काखाही. मी म्हटलं, दुखत मात्र नाही हो. त्या म्हणाल्या, “दुखत नाही म्हणून बायका घरी बसतात. दुखत नसलं तरी यायचं.” गाठ काढून तपासायला पाठवणार.

आईंना सांगणं भागच होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “समदं कापत्यात का गं?” धीर द्यायचा सोडून हे! मी उठून आत गेले.

२९ नोव्हेंबर
काढली. मुंबईला गेली तपासणीला. आई घरातलं सगळं करतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. मी भीतीने अर्धी झालेय आणि त्यांचा अजून मिक्सरचाच राग!

४ डिसेंबर
रिपोर्ट नाही. लेकीची, मनीची वेणी घालताना हात थांबला. उद्या तिची वेणी कोण घालेल? भीती वाटते. फार भीती वाटते.

९ डिसेंबर
साधी गाठ! कॅन्सर नाही! दवाखान्यातच रडले. बाई म्हणाल्या, दर महिन्याला पाळी संपली की स्वतःच्या हाताने बघत जा. आणि घरातल्या बायकांनाही सांगा.

येताना पेढे आणले. आईंना सगळं सांगितलं, हाताने कसं बघायचं तेही. ऐकता ऐकता खाली बसल्या. पेढा हातात तसाच.

१० डिसेंबर
ह्यांना रिक्षा आणायला पाठवलंय, तेवढ्यात लिहितेय. सकाळी आईंनी न्हाणीतून हाक मारली, तेल घेऊन ये. कडी काढलेली. माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पाठीला तेल लावत होते, तर माझा हात धरून पुढे, छातीवर नेला.

लिंबाएवढी. दगडासारखी.

“मागल्या सालच्या दिवाळीच्या आधीपास्नं हाय,” म्हणाल्या. “दुखत नाय गं.”