दिवेलागणीचा गोल

ता. ९ फेब्रुवारी १९३५, शनिवार

हरलो! एका गुणाने पुढे होतो, एका गुणाने हरलो. ढाल सलग चौथ्या वर्षी मांडवी कॉलेजकडे. आज याहून अधिक लिहवत नाही.

ता. १० फेब्रुवारी, रविवार

आता क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिले म्हणजे राग निवतो, असे मी वर्गात नेहमी सांगतो. पाहू.

बास्केटबॉल बडोद्यात अजून नवाच. "टोपलीत चेंडू टाकायचा, आणि टोपलीला बूडच नाही! मग टाकून उपयोग काय?" असे लोक विचारतात. मी प्रत्येकाला समजावतो — आनंदाने समजावतो. चेंडू हातात धरून पळायचे नाही; तो आपटत न्यायचा, नाही तर सोबत्याकडे फेकायचा. म्हणजे दांडगाईला थारा नाही, विचाराला मान! तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने एखादा खेळ शिकवायचाच, तर हाच शिकवावा. आमच्या विश्वामित्री कॉलेजात तो मी आणला. मांडवी कॉलेजात माझे सहाध्यायी दिनकरराव यांनी. तेव्हापासून दोन्ही कॉलेजांत विस्तव जात नाही.

काल पाहुणे उशिरा आले, त्यांचे भाषण लांबले, सामना पार संध्याकाळवर गेला. शेवटची घटका. चेंडू त्यांच्या सोळंकीच्या हाती. त्याच्यासमोर आमचा फत्तेसिंह, आपल्या टोपलीकडे पाठ करून, बुरुजासारखा उभा. इतक्यात शिपायाने गॅसबत्ती पेटवून आमच्या टोपलीमागच्या बांबूवर चढवली. दिवेलागण! साऱ्या मैदानाने हात जोडले. बाकावर मी जोडले, शेजारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी जोडले. फत्तेसिंहानेही जोडले आणि एक पाऊल मागे सरला. तेवढ्यात सोळंकीने चेंडू टोपलीत टाकला!

मी पंचांकडे धावलो. पंच रेल्वेतले देसाई. शांतपणे म्हणाले, "साहेब, सीटी वागी नथी! शिट्टी नाही वाजली, तर खेळ चालू." आणि मागून दिनकररावांचे ते हसणे — "श्रीपतराव, पुढल्या वर्षी मध्यंतरात आरतीच ठेवा! प्रसाद आमच्याकडून."

राग निवला नाही.

ता. ११ फेब्रुवारी, सोमवार

स्पर्धा-समितीकडे हरकतीचा अर्ज दिला. विवेचन असे: सरावात संध्याकाळी बत्ती लागली की दोन्ही कॉलेजांचे खेळाडू चेंडू खाली ठेवतात, हात जोडतात, मग पुढे खेळतात. त्यासाठी कोणी कधी शिट्टी वाजवलेली नाही. जी गोष्ट दोन्ही पक्ष नित्य पाळतात ती रूढी; आणि लिखित नियम जेथे मुका असतो तेथे रूढी बोलते. शिवाय मी स्वतः हात जोडले होते. प्रिन्सिपॉलसाहेबांनी जोडले होते. सारे मैदान थांबले असता एकटा सोळंकी खेळत होता, याला सामना म्हणायचे काय?

अर्ज तीनदा वाचला. निर्दोष आहे!

ता. १२ फेब्रुवारी, मंगळवार

फत्तेसिंह दिसला की मुले कोपऱ्याकोपऱ्यावर हात जोडतात. "भगत आला, भगत! जय श्रीकृष्ण, भगत!" आमच्याच कॉलेजची मुले! तो मान खाली घालून निघून जातो.

ता. १४ फेब्रुवारी, गुरुवार

फत्तेसिंह सरावाला आला नाही. त्याच्या जागी नवा मुलगा घेतला आणि त्याला खुणा शिकवीत बसलो. हा माझा आवडता पाठ! सामना चालू असता शिक्षकाने बाकावरून सूचना देऊ नये, असा नियम आहे. ठीक. मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. टोपी सारखी केली — चढाई करा. कानाला हात लावला — जागा बदला. तळव्याला तळवा भिडवला — समोरच्याला सोडा, मागे सरा. ज्याने खूण पाहिली त्याने ती स्वतः करून दाखवावी, म्हणजे ज्यांची नजर बाकाकडे नाही त्यांनाही पोचते. नियमाचे अक्षर राखले आणि कामही साधले. फत्तेसिंह हे सारे पहिल्याच आठवड्यात शिकला होता. नव्याला कान आणि टोपी यांतला भेद अजून कळत नाही.

ता. १८ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी झाली. मी सविस्तर बोललो. समितीचे एक सभासद पेंगले, ते असो.

मग फत्तेसिंहाला बोलावले. अध्यक्षांनी विचारले, "दिव्याला नमस्कार केलास, हे खरे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावून धीर दिला.

"होय, साहेब."

"घरच्या देव्हाऱ्याची शपथ घेऊन सांगतोस?"

"होय. सवय आहे, साहेब."

किती साधी, किती थोर साक्ष! माझे डोळे भरून आले. दिनकररावांना मात्र लाज नाही. जिन्यात सर्वांदेखत म्हणाले, "शिलेदाराचे रक्त, श्रीपतराव! आजोबा तलवार धरीत, नातू ऐन लढाईत हात जोडतो. असला गडी मी बाकावरसुद्धा बसवला नसता." फत्तेसिंह दोन पायऱ्या खाली उभा होता. त्याने ऐकले. मीही ऐकले, आणि उत्तर सुचेपर्यंत दिनकरराव टांग्यात बसून गेलेसुद्धा!

ता. २० फेब्रुवारी, बुधवार

निकाल नाही. जेवण गोड लागत नाही.

ता. २३ फेब्रुवारी, शनिवार

गोल रद्द! ढाल आमची!

तरी तोंडात कडू चव आहे. मांडवीच्या मुलांनी फाटकाबाहेर आरडाओरडा केला. दिनकररावांनी ढाल माझ्या हातात जवळजवळ टाकलीच. "घ्या. खेळून नाही आली, दिवा लावून आली. ओवाळा आता." वीस वर्षांची मैत्री ती! एका बाकावर बसून आम्ही तर्कशास्त्र शिकलो.

फत्तेसिंह समारंभाला आला नाही. त्याने कॉलेजातून नाव काढून घेतले, असे कळले. तेथे रोज मुलांकडून हात जोडून घ्यायला तो तयार नाही. मामाने प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात चिकटवून दिले. बी.ए.ला एक वर्ष उरले होते! मी निरोप धाडला: "तुझ्या संस्कारानेच ढाल घरी आणली. परत ये." उत्तर नाही.

ता. २४ फेब्रुवारी, रविवार

ढाल तूर्त आमच्या बैठकीत आहे. जेवणानंतर सौ. कुसुमने विचारले, "एवढं रामायण झालं ते नेमकं कशावरून, सांगा तरी. मी बायकांच्या बाजूला होते, पुढे सगळ्या डोकीच डोकी."

मला तेवढेच हवे होते! पाटावर मांडून दाखवले. वाटी म्हणजे आमची टोपली. वाटीमागे समई, ती गॅसबत्ती. वाटीपुढे सुपारी, हा फत्तेसिंह. सुपारीपुढे वालाचा दाणा, तो सोळंकी. त्याच्याही पलीकडे, बाजूला, अडकित्ता — आमचा बाक, तेथे मी. समई लावली, सुपारीने हात जोडले, दाणा वाटीत! मला स्वतःलाच ती मांडणी फार सुबक वाटली.

कुसुम पाटावर वाकली.

"अहो, सुपारीचं तोंड कुणीकडे?"

"दाण्याकडे. टोपलीकडे पाठ करूनच उभे राहायचे असते. रक्षणाचे तत्त्व असे की —"

"मग समई तर त्याच्या पाठीमागे झाली. बत्ती लागली हे त्याला कळलं कसं? पाठीला डोळे आहेत का पोराला?"

मी म्हटले, उजेड पडला असेल.

"असेल," म्हणाली, आणि सुपारी उचलून कातरायला बसली. पाटावर अडकित्त्याची जागा रिकामी झाली. त्या जागी मी बोट ठेवले: सुपारीचे तोंड इकडेच होते.

ता. २५ फेब्रुवारी, सोमवार

ढाल फडक्यात बांधून दाराशी ठेवली आहे. दिनकरराव संध्याकाळी घरी असतात. अध्यक्षांनाही भेटायचे आहे, त्यांना खुणाही सांगायच्या आहेत.

सकाळी प्रतापनगरला गेलो. फत्तेसिंह कारखान्याच्या फाटकाशी भेटला. हात तेलाने काळे. मी विचारले, "दिवा तुला दिसला तरी कसा?"

"दिवा मी पाहिलाच नाही, सर. मी तुमच्याकडे पाहत होतो."