बंगल्याला आधीच कळतंय

शनिवार, ७ फेब्रुवारी
चिमीला दात आला. खालचा. वाटी लावून बघितली, टिक वाजलं. मी गल्लीभर सांगून आले, शेंगा निवडायच्या तशाच राहिल्या. नात माझी लय गुणाची.
दुपारी निजवली, तवर शेजारच्या बंगल्यात स्पीकर सुरू. लोणावळ्यात जागा मिळाली न्हाई की लोक हितं येत्यात, शनवार-रविवार भाड्यानं. पाण्यात नाचत्यात, बाटल्या माझ्या मेथीत टाकत्यात. पोर दचकून उठली, रडून काळीनिळी. सून स्वाती म्हणाली, "आत्या, असंच चाललं तर मी हिला घेऊन तळेगावात राहीन. फ्लॅट बघितलाय."
फ्लॅट बघून झाला पण? कधी?

रविवार, ८
पोलीस पाटील माझा चुलतदीर. त्याला घरी बोलवून चौकीला फोन लावायला सांगितला. गाडी आली तर बंगल्यात चिडीचूप. पाहुणे पत्ते खेळत बसलेले, चड्डीवर पण लय सभ्य. हवालदार म्हणाला, "मावशी, कुटाय आवाज?" गाडी वळली की परत धडाम धडाम.
यांना आधी कळतं कसं? दीर परवा बंगल्याच्या मॅनेजरबरोबर चहा पीत होता. त्याचंच काम.

शनिवार, १४
आज दिराला कळू दिलं न्हाई. घरातूनच चौकीला फोन केला, सगळ्यांसमोर. तरी तेच. गाडी यायच्या आधी आवाज बंद.
म्हंजे दीर न्हाई. मग...
माझा संजू बंगल्यावर जेवणाचे डबे देतो. पाहुणे बंद तर डबे बंद. पोटच्या पोरावर असं मनात आणू नये. आलं.

रविवार, १५. महाशिवरात्र
देवळात गेले, तितनं गुरवाच्या सुनेच्या मोबाईलवरनं चौकीला कळवलं. घरात चकार शब्द न्हाई. या वेळी पोलिसांना स्पीकर वाजताना सापडला. उचलून नेला. चिमी दुपारभर गाढ झोपली, मी नुसती बघत बसले. किती गोड झोपती.
संजूचं तोंड उतरलेलं. "कुणी केला फोन?" म्हणतो. मला वाटलं स्वाती तरी खूश होईल. ती म्हणाली, "चार दिवस बरं राहील, मग हायच." आन् मोबाईलात फ्लॅटचे फोटो बघत बसली. आवाज थांबला तर फ्लॅटचं कारण उरत न्हाई, हे आत्ता डोक्यात आलं.
साबुदाणा तसाच झाकून ठेवला.

सोमवार, १६
हवालदार आला. मी मेथीत होते. हळूच म्हणाला, "मावशी, मॅनेजर कबूल झाला. तुमच्याच घरातनं फोन जातो. नाव सांगत न्हाई. त्याचा मोबाईल बघितला की कळंल. बघू का?"
मी म्हटलं, उद्या सांगते.
नाव कळलं तर घरातल्या त्या माणसाशी बोलायचं कसं? न्हाई कळलं तर शनवारी परत तेच, आन् चिमी तळेगावात.
घरात सांगितलं, हवालदार पाणी प्यायला आलता. संजू न् स्वाती दोघं एकदमच म्हणाली, "नुसतं पाणी?"