पंचेचाळीस

३ जून

ती. दादास, डाव्या हाताने केलेला नमस्कार.

अक्षर बघून घाबरू नकोस, पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवा हात अजून रुसलेलाच आहे. लिहिताना शब्द सापडतात, बोलायला गेलं की तोंडातच अडकतात. त्यावर वाचा-उपचाराच्या बाई मंगळवारी दुपारी आम्हा पाच पेशंटांना पोकर खेळायला बसवतात. पैसे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या. पण बोली तोंडाने बोलायची, बोट दाखवलं तर बाद. म्हणून मी आपली चांगले पत्तेसुद्धा टाकून देते. तरी चकत्या संपतातच. दर डावात दोघांवर ब्लाइंडची पाळी येते, पत्ते बघायच्या आधीच एकाने दहा आणि दुसऱ्याने वीस लावायच्या. तुझी हयात क्लबात पत्ते पिसण्यात गेली, काहीतरी सुचव.

वीस तारखेला बस स्टँडवर माझ्या आवाजाची चाचणी आहे. नापास झाले तर गाड्यांच्या घोषणांचा माइक सुटला, मग पासांवर शिक्के मारत बसायचं.

माया आहेच, चेष्टा बेताने कर.
धाकटी

७ जून

चि. धाकटीस, पोटभर आशीर्वाद.

तू गप्प बसतेस हे मला बिलकूल मंजूर नाही. नीट वाच. तुझ्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले आणि फक्त ब्लाइंडवाले दोघे उरले, की बोली वाढव. थोडीशीच, विसाची चाळीस. त्यांचे पत्ते बहुतेक वेळा फालतूच असतात, ते सोडून देतात आणि त्यांच्या तीस चकत्या तुझ्या. कोणी उलट वाढवलं तर निमूट पत्ते टाक. गेलं तर थोडकंच जाईल. चाळीस म्हणायलाही सोपं.

वहिनी विचारते, जेवतेस ना? उत्तर धाड.
दादा

११ जून

ती. दादास नमस्कार.

चाळीस सोपं आहे म्हणूनच नको. मी पंचेचाळीस म्हणणार.

काल पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा ‘पंच’वरच गाडी थांबली. बाई थांबल्या, सगळे थांबले. पण पुरं केलं. दोघांनीही पत्ते टाकले! हातात काय होतं ते सांगत नाही, तुला लाज वाटेल. नंतरच्या एका डावात आमच्या पाचांतल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी उलट दीडशे केले. त्यांचा डावा गाल लुळा आहे, पण हसले मात्र झकास. मी पत्ते टाकले आणि पुढच्या फेरीत पुन्हा पंचेचाळीस. एकूण सात वेळा म्हटलं. जेवते, असं वहिनीला सांग.

लोभ वाढव, बोली मी वाढवते.
धाकटी

२३ जून

ती. दादास नमस्कार.

चाचणीत तिसऱ्याच वाक्याला अडखळले. स्टँडचे साहेब म्हणाले, राहू द्या बाई, दमलात. मी म्हटलं, राहू देणार नाही. तेच वाक्य तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. साहेबांनी पाणी मागवलं, मला की स्वतःला कोण जाणे. सध्या फक्त सकाळचे दोन तास मिळालेत, महिन्याने पुन्हा बघणार आहेत.

आज पहिला दिवस होता. सातची गाडी जागा बदलून फलाट चारला लागली. मी माइक सुरू केला आणि सावकाश सांगितलं. मग काचेतून पाहिलं. लोकांनी सामान उचललं आणि चारकडे निघाले.

तुझीच,
धाकटी