जोर ‘रो’वर

३ सप्टेंबर
मागल्या वर्षी त्या सकाळी अंगण झाडलं, शेळी बांधली, चूल पेटवली. आमचे हे, जाळं खांद्यावर टाकून, सिद्धेश्वरच्या धरणावर निघाले होते. डाव्या पायाच्या जखमेला चिंधी बांधून दिली. “पाण्यात नका उतरू.”
“मंग मासे काय घरी येतील?” — हसले.
पुढं ताप आला, डोळे हळदीसारखे झाले, आणि संपलं.
डोळे पिवळे म्हणजे दारू — गावानं ठरवून टाकलं. ह्यांनी कधी थेंब घेतला नाही!
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. एवढं लांब, की मला त्यातलं फक्त ‘पाय’ कळलं. जखम पायालाच होती ना! मयतीला आलेल्यांना तेच सांगितलं — पायाचा रोग. माझा दीर प्रमोद सगळ्यांदेखत म्हणाला, “वहिनी, पाय पिवळा झाला व्हता का डोळे?” लोक हसले. मयतीत!
आता एकवीस तारखेला वर्ष भरतं; बरसीला पुरं नाव सांगणार. बराबर सांगणार.

७ सप्टेंबर
इंग्रजी अक्षरं मी खताच्या पोत्यांवरून शिकले. शब्द लांब झाला की अडकते. लेक शीतल नर्सिंगला आहे. तिच्या डिक्शनरीत तो सापडला — टिंबं टाकून तोडलेला. लेप-टो-स्पाय-रो-सिस. शीतल म्हणते, उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून तो जखमेवाटे अंगात शिरतो. ‘पाय’ सापडला, पण ‘स्पाय’मध्ये अडकलेला!

११ सप्टेंबर
शीतल म्हणते, “आई, ‘पाय’वर काहून जोर देऊन राहिली?” एका तुकड्याआधी बारीक उभी रेघ आहे. मी डाग समजून नखानं खरवडत होते! जोर तिथं द्यायचा. ‘रो’वर.

१२ सप्टेंबर
भाकरी थापताना म्हणून पाहिलं, एकेका तुकड्याला एक थाप. चौथी थाप जोरात. भाकरी फाटली.

१६ सप्टेंबर
हिंदीत रो म्हणजे रड. म्हणून जीभ तिथं थांबते का? थांबू दे. रडायचं नाही, जोर द्यायचा.

२१ सप्टेंबर
बरसी. पंगत बसली. वाढता वाढता मी नाव सांगणार, तेवढ्यात प्रमोदची बायको, माझी जाऊ रुपा, एकटीच आली. “ह्यांना ताप हाय. डोळे पिवळे झालेत.” पंगतीतून कुणीतरी — “घेतली असंल!”
प्रमोदही धरणावर जाळं टाकतो. पळी ठेवली, त्याच्या घरी गेले. पोटरीवर जखम.

२३ सप्टेंबर
काल पहाटे प्रमोदला जीपनं हिंगोलीला नेलं. डॉक्टरांना तो शब्द सांगितला. जोर ‘रो’वर.