बाबांच्या क्रॉसओव्हरबद्दल दादाला

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण मोठा स्पीकर एकटीने सरकवताना कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच स्वीकार कर. तुझी तब्येत उत्तमच असणार, फोटोंमधून ती रोज दिसतेच. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने टाळा. इकडे बाबा खुशाल आहेत. मी कशी आहे हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून सांगत नाही. (फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' म्हणतोस, आणि तुझं ते 'नंतर' अजून उजाडलेलं नाही. पत्र तरी मधेच कापता येत नाही.)

विषय बाबांच्या क्रॉसओव्हरचा. मागच्या खेपेला आलास तेव्हा तुला एकदम बाबांच्या विरंगुळ्याची काळजी वाटली आणि तू माळ्यावर चढलास. शिडी मी धरली होती, पण ते असो. ती करड्या पत्र्याची जड पेटी तू खाली उतरवलीस, रुमालाने वरची धूळ पुसलीस, बाबांना शेजारी बसवून फोटो काढलास आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलास की बाबांचं यंत्र पुन्हा सुरू करतोय. काकांपासून मावसभावापर्यंत झाडून सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली. मग तू अंदाजाने वायरी खोचल्यास, जाड आवाजाची वायर बारीक आवाजाच्या भोंग्यात घातलीस, बटण दाबलंस, भोंग्याने एकदा 'भप्प' केलं आणि आतला पडदा फाटला. तू घड्याळ बघितलंस, 'आता हिला समजावून सांगितलंय, बाकीचं ती बघेल' असं बाबांना म्हणालास आणि गाडी गाठलीस. काय समजावून सांगितलंस रे मला? सोल्डरिंगची काडी हातात धरायला मी बाबांच्या दुकानात शिकले तेव्हा तू क्रिकेट खेळत होतास.

(वहिनी हे पत्र वाचतीलच, म्हणून त्यांच्यासाठी: बाबा सभा-समारंभांना लाऊडस्पीकर द्यायचे. ही क्रॉसओव्हरची पेटी आलेल्या आवाजाचे तीन वाटे करते. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, मधला मधल्याला, बारीक भोंग्याला, आणि प्रत्येकाला आपापला अँप्लिफायर. आपल्या घरातही अशीच वाटणी आहे. जाड कामं माझ्याकडे, मधली अडून राहिलेली, आणि वरची चमक सगळी दादाकडे. पेटी मात्र निदान कुठला नॉब किती फिरवलाय ते तोंडावर दाखवते.)

मग मी ती उघडली. आत झुरळांचा संसार आणि कॅपॅसिटर फुगून वर आलेले. बाबा खुर्ची ओढून समोर बसले आणि सूचना सुरू झाल्या. आधी वीज सरळ द्यायची नाही, मधे बल्ब लावायचा. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. हे मला ठाऊक होतं, मी तसंच करत होते, तरी त्यांनी ते सांगितलं. मी 'हो बाबा, लावलाय' म्हटलं, तर त्यांनी पुन्हा सांगितलं. मी कॅपॅसिटर बदलले, घुरघुर गेली. नॉब धुऊन काढले, खरखर गेली. तू फाडलेल्या पडद्याच्या जागी दुसरा जुन्या बाजारात चार फेऱ्या मारून मिळवला आणि बसवला. स्पीकर मांडले. (उसण तेव्हाची.) आणि गाणं लावलं. दादा, खरं सांगते, मला भरून आलं. दुकानातला तो आवाज होता, जसाच्या तसा. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, बारीक कुठंय?

इथून माझा छळ सुरू झाला. बारीक नाही म्हणतात म्हणून मी भोंगा पुन्हा उघडला. वायरी बदलल्या. अँप्लिफायर अदलाबदल करून पाहिला. बाबांचं एकच पालुपद, बारीक कुठंय, तू काहीतरी घोळ घातलायस. मी काही समजावायला गेले की म्हणायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस, दादा बघ कसा स्पष्ट बोलतो. शेवटी त्यांनी तुलाच फोन लावला. त्या दिवशी तुला मीटिंग नव्हती. तू तुझ्या त्या घागरीतून आल्यासारख्या आवाजात 'मला वाटतं, फेज उलटी असेल' असं ठोकून दिलंस. (फेज म्हणजे काय ते आता वहिनींना समजावून सांग. मी वाट बघते.) बाबांचा चेहरा उजळला. बघ, म्हणाले, त्याला तिथे बसून कळतं! मी फेज उलटी केली, मग सुलटी केली. फरक शून्य. आणि खापर माझ्यावर, कारण तू सांगितलेलं मला नीट करता आलं नाही.

मग मीही हट्टाला पेटले. बारीक हवंय ना, घ्या बारीक. रोज नॉब थोडा थोडा चढवत गेले. झांजा कानात टाचण्यांसारख्या घुसायला लागल्या. शेजारच्यांचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं ते जेवायलाही बाहेर येईना. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई कानात कापूस घालून खाली आल्या आणि हात जोडून दारात उभ्या राहिल्या. बाबा खुर्चीत शांत. म्हणाले, आता कुठे येतंय, अजून थोडं.

तुला बाबांची ती पद्धत आठवते का कोण जाणे, तू दुकानात यायचास कधी? कार्यक्रमाच्या आधी ते शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहायचे आणि बोट वर धरायचे. मी इकडून मशीनवर तपासणीची शिट्टी लावायची, जाडपासून बारीकपर्यंत चढवत न्यायची. बोट वर आहे तोवर आवाज पोचतोय, बोट खाली आलं की मशीन बघायचं. म्हटलं, तसंच करू, एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागेल. नर्सबाईंना साक्षीला बसवलं, शिट्टी लावली, नॉब चढवायला लागले. बाबांनी बोट वर केलं. जाड, ठीक. मधला, ठीक. आणि मग शिट्टी अजून नीट वर चढलीही नव्हती, तोच बोट खाली आलं. शिट्टी चालूच होती. नर्सबाईंनी कान दाबून धरले होते, शेजारचं कुत्रं रडत होतं, आणि बाबा माझ्याकडे बघून विचारत होते, बंद का केलंस?

मी यंत्र बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नर्सबाई मागोमाग आल्या. म्हणाल्या, वयाबरोबर आधी बारीक आवाज जातात. बायकांचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं येतं, शब्द कळत नाहीत. पुरुषांचा जाड आवाज शेवटपर्यंत राहतो. असं त्या अगदी सहज म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांसमोरून सगळी वर्षं गेली. मी दारावरची बेल वाजवत उभी आहे, आत बाबा पेपर वाचतायत, आणि मी मनातल्या मनात शिव्या घालतेय. मी विचारतेय गोळी घेतली का, आणि हे भिंतीकडे बघतायत. मी रागाने दुसऱ्या खोलीत जाऊन जेवतेय. तुझा फोन आला की मात्र यांना शब्दन् शब्द कळतो. मला वाटायचं, लाडका लेक आहे. अरे, लाडका कसला, जाड आहेस तू, एवढंच!

बाबांना कागदावर लिहून सांगितलं. ते भडकले. ज्या कानांवर आयुष्यभर धंदा केला त्यांना तू नावं ठेवतेस, यंत्र तू बिघडवलंस आणि आता कान माझे खराब, असं बरंच काही. डॉक्टरांच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणतात. परवा रस्त्यात मागून सायकलवाला घंटी बडवत आला, हे आपले मधोमध चालतायत. मी हात धरून ओढलं म्हणून वाचले, आणि वर मलाच म्हणाले, ओढतेस काय. दादा, मला भीती वाटते. रोज मी बरोबर नसते.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, तुला काय तो वर घातलाच आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. — आता मुद्द्याचं. बाबांना फोन कर आणि कान तपासून घ्यायला सांग. माझं नाव काढू नकोस. तुलाच सुचलं म्हण, तुला सगळं सुचतंच. तुझ्या त्या आवाजात दोन वाक्यं बोलायची आहेत, बाकी डॉक्टरांकडे नेणं-आणणं मी बघेन. हवं तर नातेवाइकांना फोटो पाठव, माझी हरकत नाही.

दुसरा ता. क. — फोन राहू दे. पाकीट चिकटवायच्या आधी मला एक बुद्धी झाली. दुकानातला जुना माइक पेटीला जोडला, जाड पूर्ण खाली, बारीक पूर्ण वर, आणि स्वयंपाकघरातून म्हटलं, बाबा, जेवायला या. त्यांनी पेपर खाली ठेवला. आले. पाटावर बसता बसता म्हणाले, अगं, हल्ली तू माझ्याशी बोलतच नव्हतीस, माझं काय चुकलं तेच मला कळेना. मी वाढायचं सोडून तशीच रडत बसले. आता डॉक्टरांचं मीच त्यांना सांगते. तू तुझ्या मीटिंगा कर.

तिसरा ता. क. — सांगितलं. माइकवर, सावकाश, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकही शब्द परत विचारला नाही. मग म्हणाले, बरं, दादाला विचारून ठरवू.

फोन कर.