पुकेकोहेला जाऊन परत न येणारी गाडी

बाबा, गाडी घेऊन वर्ष उलटून गेलं आणि तुम्हाला आत्ता सांगतेय, म्हणजे तुमचा पारा चढणारच. विजेवर चालणारी गाडी घेतलीय. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. इस्त्रीची लावतो तशी पिन भिंतीत लावायची आणि झोपून जायचं. तुम्ही असता तर पहिल्यांदा म्हणाला असतात, "वापरणाऱ्या कुणाच्या घरी जाऊन बघितलीस का?" पहिल्या पगारात मी आईसाठी मिक्सर आणला तेव्हा हेच म्हणाला होतात. खोक्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतंत. "दुकानात सगळंच चांगलं चालतं," म्हणालात, आणि मी ओट्यापाशी उभी राहून मुसमुसत होते. तो मिक्सर तुमच्यानंतरही कितीतरी वर्षं चालला, हे मुद्दाम सांगते.

आणि तुमची ती स्कूटर! घ्यायला दोन वर्षं लावलीत. दर रविवारी कुणातरी स्कूटरवाल्याच्या घरी आपली वरात. मी मागे मागे. चहा, चिवडा, मग स्कूटरचं साग्रसंगीत दर्शन, आणि निघताना चपला घालता घालता तुमचा ठरलेला प्रश्न : "पुन्हा घ्यायची झाली तर हीच घ्याल का?" समोरचा माणूस विचारात पडला की तुम्ही खूश. मला मेला कंटाळा यायचा. पण आता चाळिशी उलटल्यावर, जगाच्या या टोकाला, मी पण तेच केलं. रक्तातच आहे, काय करणार?

झालं असं, की आमची जुनी पेट्रोलची गाडी वॉरंटला नापास झाली. इथे ठरावीक काळाने गाडी तपासून घ्यावी लागते, नाहीतर रस्त्यावर आणता येत नाही. मेकॅनिकने खालून बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला बोलावलं. आम्ही राहतो अल्बनीला, शहराच्या उत्तर टोकाला, आणि माझी फार्मसी खाडीपलीकडे माउंट वेलिंग्टनला. रोज पूल ओलांडून जायचं आणि यायचं. एवढ्याला विजेची गाडी झकास, असं तुमच्या जावयाचं म्हणणं. तुमच्या नातवाचंही तेच. "इट्स हीप्स बेटर, मम." तो मराठीत ऐकतो आणि इंग्रजीत बोलतो, त्याची सवय झालीय आता. फार्मसीत माझ्याबरोबर काम करणारी एक माओरी बाई तशीच गाडी वापरते. तिच्या घरी जाऊन चहा प्यायले, गाडी बघितली, आणि निघताना दारात तुमचा प्रश्न टाकला. ती हसली. म्हणाली, "रोजच्या कामाला डोळे झाकून घेईन. लांब जायचं असेल तर मात्र आधी डोकं वापरावं लागतं."

लांब म्हणजे आम्हाला एकच ठिकाण, पुकेकोहे, शहर ओलांडून पार दक्षिणेला असलेलं शेतीचं गाव. त्यासाठी आधी आईचं सांगायला हवं. तुम्ही गेल्यावर ती पुण्यात एकटी राहिली, आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा मी तिला इकडे आणलं. घर मोठं, ऊन भरपूर, पण फुटपाथवर माणूस दिसेल तर शपथ. आम्ही सगळे सकाळी बाहेर पडलो की ती काचेतून शेजाऱ्यांचं मांजर बघत बसायची. मग डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये तिला एक बेन भेटल्या. पुकेकोहेच्या, सासऱ्यांच्या वेळेपासून कांदे-बटाट्याची शेती. त्या गुजराती सोडत नाहीत, आई मराठी सोडत नाही, आणि दोघींचं एक अक्षर वाया जात नाही. शनिवारी मी आईला तिकडे न्यायची. न्यायची म्हणजे काय, किल्ली हातात धरून तासभर बसायची आणि "चल गं आई, ट्रॅफिक लागेल" म्हणून उठवायची. पण त्या तासावर आई आठवडा काढत होती.

गाडी नापास झाली त्या संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मलाही सोडा आता पुण्याला. तुम्ही तरी किती ओढणार?" सूर अगदी साधा, वर न बघता. दुसऱ्या दिवशी तिने कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली. बाबा, तिचे गुडघे, तिची शुगर, बंद फ्लॅट. मला रात्री झोप लागेना. तेव्हा प्रश्न नुसता गाडीचा नव्हता. पुकेकोहे सुटलं असतं तर आई गेली असती.

विक्रेत्याने शनिवार-रविवार गाडी वापरून बघायला दिली. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही, "घेऊन जा." जपानहून आलेली सेकंडहॅन्ड गाडी. चालू केली की एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी सांगते. आईने हात जोडून "हो हो, बरं बाई" म्हटलं. थंडी कडाक्याची होती. रोजच्या वापराचा नाही, आपल्या वापराचा निकाल लावायचा म्हणून मी थेट पुकेकोहेलाच निघाले. डोकं वापरायचं ते राहूनच गेलं, कारण सगळी आकडेमोड मी उन्हाळ्याची केली होती, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. मोटरवेला लागलो तसा किती जाईल तो आकडा भराभरा उतरायला लागला. रस्ता दहा किलोमीटर सरला की आकडा पंधराने खाली. मी हीटर बंद केला. काचा धुरकटल्या. आई शाल, कानटोपी घालून पुढे बसलेली, रुमालाने काच पुसतेय आणि मला म्हणतेय, "तुझे बाबा असते तर एव्हाना उतरून ढकलायला लागले असते." मला हसूही येईना. पोचलो कसेबसे. परत जाण्याइतकी बॅटरी उरली नव्हती, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

बेनच्या सुनेने पॅकिंग शेडमधून वायर ओढून दिली. साध्या पिनेवर गाडी जेवते मुंगीच्या पावलाने. संध्याकाळपर्यंत हलायचं नाव नाही. मी आधी चरफडले, फार्मसीतल्या त्या बाईला फोन केला, नवऱ्यावर उगाच डाफरले. मग करण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा किल्ली पर्समध्ये टाकली आणि शेडमध्ये दोघींच्या शेजारी उलट्या क्रेटवर बसले. त्या मेथी निवडत होत्या. बेननी न विचारता माझ्या पुढ्यात एक जुडी टाकली.

आईला मी इतकं हसताना कधी बघितलं होतं, आठवत नाही. डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. तुमच्याबद्दलच बोलत होती. तुमच्या स्कूटरच्या चौकश्यांबद्दल. "अगो बेन, यांना स्कूटर पहिल्या महिन्यातच पसंत पडली होती! पण घेऊन टाकली असती तर रविवारी लोकांकडे जायला निमित्त काय उरलं असतं? न बोलावता कुणाच्या घरी जायचा संकोच फार." मी मेथी निवडायची थांबले. बाबा, मी तुम्हाला जन्मभर चिकित्सक समजले. चिकटसुद्धा म्हटलंय मैत्रिणींजवळ. आणि तुम्हाला नुसतं कुणाकडे तरी जाऊन बसायचं होतं! मला का नाही सांगितलंत? मला त्या क्षणी तुमची इतकी आठवण आली, की मी नाक पुसायला गाडीपाशी जाऊन आले. सुनेला वाटलं, मी चार्जिंग बघतेय.

दुपारी भाकरी, लसणाची चटणी, मेथीची भाजी. आई आणि बेन खाटेवर आडव्या होऊन बोलत बोलत झोपल्या. संध्याकाळी निघालो तेव्हा मी म्हटलं, "आई, ही गाडी काही आपल्या कामाची नाही. इथे आलं की परत जात नाही."

"म्हणून तर घे," आई म्हणाली.

मी गाडी घेतली. बॅग परत कपाटावर गेली. आता दर शनिवारी सकाळी निघतो, शेडमध्ये पिन लावतो आणि संध्याकाळपर्यंत अडकतो. मला मेथी, लसूण, पातीचा कांदा, सगळं निवडता येतं आता, आणि तुमच्याबद्दलच्या अशा अशा गोष्टी कळल्यात, की समोर असतात तर लाजला असतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. घरात ठेवलं तर आईच्या हाती लागेल, म्हणून एकदा वाचून फाडून टाकीन. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. मध्यंतरी पुकेकोहे गावातच झटपट चार्जर बसलाय. चहा पिऊन होईतो गाडी भरते. तुमच्या नातवाने मला फोनवर दाखवला, तेव्हा त्याला दम दिला, "आजीला बोलायचं नाही." "व्हाय नॉट?" म्हणाला. गेल्या शनिवारी आम्ही त्या चार्जरसमोरूनच गेलो. दोन गाड्या लागलेल्या होत्या, आणि आई नेमकी तिकडेच बघत होती. मी घाईघाईने दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हटलं, "आई, तो कोबी बघ केवढा." आईसाठी करते, असं मी मनाशी म्हणते. पण मागे एका शनिवारी तिला सर्दी झाली आणि जाणं रद्द झालं, तेव्हा दिवसभर घरात तोंड पाडून मीच फिरत होते.

तुम्ही अधूनमधून तिच्या स्वप्नात येता म्हणे. आलात तर इकडचं तिकडचं बोला. चार्जरचं तेवढं काढू नका.