आखाड्यात लग्नाची अट

जठारपेठ, अकोला
श्रावण, १९६१

प्रिय हरिहर,

हे पाकीट दार लावून फोड. तुझ्या मावशींना नुसतं 'चारूचं पत्र आलं' एवढं कळलं तरी त्या गल्लीत साखर वाटतील, आणि आपल्या दोघांच्या नावाची साखर अमरावतीत आधीच बरीच वाटून झाली आहे. शाळेतल्या मुलींच्या तिमाहीच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले आहे. इथे घरात मामींना सांगितलंय की डोकं दुखतंय. ते खोटंही नाही.

गेल्या रविवारी मी अमरावतीला घरी होते. उदय व्यायाम मंडळाची बैठक आमच्याच माडीवर झाली आणि तुला त्या दिवशी मुद्दाम बोलावलं नव्हतं. 'नियमांत थोडी दुरुस्ती आहे' एवढंच खुशालराव चिटणिसांनी तुझ्या कानावर घातलं असेल. झालं ते असं. चिखलदऱ्याच्या शिबिरात त्यांनी तुला आणि किसनला तळ्याकाठी पाहिलं, तेव्हापासून त्यांच्या पोटात ते मावत नव्हतं. असले लोक मंडळाचे सभासद असावेत की नसावेत, हे एकदा कागदावर आलंच पाहिजे म्हणाले. कागद पुढे आला, टाक आला, आणि 'असले' म्हणजे कसले हे लिहायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसले. कोणी 'विकृत' म्हणालं, कोणी 'अनैसर्गिक'. पण नियमांचं पुस्तक मारुतीच्या देवळात असतं, त्यात हा शब्द कसा घालायचा? मी जिन्याच्या वरच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. एकेक खडा दहा दहा वेळा बघत होते म्हण ना.

शेवटी माझे बाबा पडले वकील, त्यांनीच वाट काढली. 'पंचविशी उलटलेल्या सभासदास विवाहित असल्याखेरीज मंडळात शिकवता येणार नाही. अविवाहितांनी दसऱ्यापर्यंत विवाह करावा.' शब्द न उच्चारता काम फत्ते. सगळ्यांचे चेहरे कसे सैल पडले ते तू पाहायला हवं होतंस. गंमत बघ, मारुतीसमोरचा आखाडा, भिंतीवर ब्रह्मचर्याची वचनं, लहानपणी तुम्हा मुलांना लंगोट घट्ट ठेवण्यावर किती व्याख्यानं ऐकवली याच लोकांनी, आणि आता म्हणे लग्न नसलेला माणूस नको.

चहा घेऊन आई वर गेली. ठराव तिनेही ऐकला होता. कपबश्या ठेवता ठेवता म्हणाली, "मंग वामनरावांले कोन पोरगी देते आता?"

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. ज्यांनी मंडळ काढलं, ज्यांनी तुला पहिल्यांदा मल्लखांबावर चढवलं, ते वामनराव सत्तरीतले, जन्माचे ब्रह्मचारी, अजून रोज सकाळी मुलांना शिकवतात, आणि ते तिथेच लोडाला टेकून मान डोलवत बसलेले. ऐकायला येत नाही ना त्यांना. लगेच 'संस्थापक वगळून' असं घालायचं ठरलं आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग विचारलं, "पन हे कोनासाठी? हरिहरसाठी? पोट्ट्यानं केलं काय, थे तं सांगा मले."

कोणी सांगेना. हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर खाली रस्त्यावर ऐकू जाणार. खुशालराव दोनदा त्यांच्या कानाशी वाकले आणि दोनदा तसेच मागे झाले. "समजल्याबिगर मी सही करत नाही," म्हातारा म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. म्हणून बैठक या रविवारवर गेली आहे. मी जिन्यात तोंडावर पदर धरून हसले. नंतर त्याच पदराने डोळे पुसले. आई स्वैपाकघरात म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती बाई. तिच्या मनात काही नव्हतं, पण तो 'चोर' मला फार लागला. 

आणखी एक सांगते, राग आला तर येऊ दे. तुझ्यासाठी त्यांनी नियम लिहिला, दुरुस्ती केली, दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. किसनसाठी काय केलं? तुझ्याच वयाचा, तुझ्याच तोडीचा खेळाडू, पण नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्यासाठी अमरावतीत कोण बोलणार? 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की झालं. तू आमच्या, वकिलाच्या घरात मुलासारखा वाढलेला, म्हणून तुला सांभाळून घ्यायचं चाललं आहे. तुझ्यावर त्यांचं प्रेम आहे हे खरंच आहे. बाबांचं तर आहेच. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

किसन इथे अकोल्यात आहे. सरकीच्या आडतीवर पोती उचलतो. मी शाळेतून येताना दिसला, आधी मान फिरवली, मग स्वतःच रस्ता ओलांडून आला. खांद्याला सोललं होतं. "बाई, हरिभाऊ जेवून राहिले ना बराबर?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, कशाला काळजी करतोस, जेवतो की. "त्यायले सांगजा, मी बरा हाव." मल्लखांबाला लावायच्या एरंडेलाचा वास तुम्हा दोघांच्या कपड्यांना कायम यायचा. आता त्याच्या अंगाला सरकीचा वास येतो. घरी येऊन मी जेवले नाही. मला त्याचा हेवा वाटला, हरिहर. खांदा सोललेल्या हमालाचा हेवा.

आता मुख्य गोष्ट. बैठक मोडल्यावर बाबा झोपाळ्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "चारू, हरिहर तुला कसा वाटतो?" लहानपणी मी तुला हरिदादा म्हणायचे. बाराव्या वर्षी एकाएकी दादा म्हणायचं सोडून दिलं. आई रागावली, तू चिडवलंस, कारण कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून बाबांच्या तोंडून हा प्रश्न यायची मी वाट पाहत होते. तो आला तो असा, तुझी अडचण निवारायला. त्यांना वाटतं, लग्न लागलं की लोकांची तोंडं बंद होतील, तू मंडळात राहशील, मुलगीही डोळ्यांसमोर राहील. सव्विसाव्या वर्षी आलेलं एवढं चांगलं स्थळ मी का नाकारीन, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. मी काही बोलले नाही. त्यांनी तो होकार धरला, आणि तुझ्या मावशींकडे निरोप गेला.

रविवारी तुला बोलावतील. आधी लग्नाचं विचारतील, मग नियमाचं. मल्लखांब सुटला तर तू मोडून पडशील हे मला माहीत आहे, म्हणून तू घाबरून हो म्हणशील ही धास्ती मला चार दिवस झोपू देत नाही. तुला वाटेल, चारू शहाणी आहे, तिला सगळं कळतं, तीच नाही म्हणेल आणि दोघांनाही सोडवेल. तेवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे: मी नाही म्हणणार नाही. तू हो म्हणालास तर मीही हो म्हणेन, सगळं माहीत असून म्हणेन, कारण मला तू हवा आहेस, आणि माझ्याच्याने तुला सोडवणार नाही. मग तू जन्मभर माझ्याशी चांगलं वागशील आणि आपण दोघंही त्या चांगुलपणात संपून जाऊ. म्हणून तू नाही म्हण. बैठकीच्या आधी वामनरावांकडे जा आणि 'केलं काय' ते त्यांच्या कानाशी तूच सांग. बाकीच्यांना ते बोलायची लाज वाटते, तुला वाटायचं कारण नाही. ते सही करतील की नाही, मला माहीत नाही. तुझा आखाडा कदाचित सुटेल. पण माझ्या भरवशावर राहू नकोस.

एवढं एकच मागते, की या पत्राला उत्तर पाठवू नकोस. रविवारी मी घरी येईनच, तू काय म्हणालास ते मला बाबांच्या तोंडावरून कळेल.

तुझीच, पण तुला नको असलेली,
चारुशीला